पेंढीचा आळा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकची तीन मुलं. माध्यमांचं शिक्षण नुकतंच संपलंय. इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांवरचा एक टीव्ही माहितीपट पाहिला आणि वाटलं, असं काही निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांच्यावर का करू नये? निवृत्तिनाथ तर आपल्या त्र्यंबकचे. ५० मिनिटांचा करायचा विचार आहे. पण ब्राँटे भावंडांची पत्रं आहेत, चित्रं आहेत, राहतं घर आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही. मग नाट्यरूपांतर करावं का? आणि सुरुवात आळंदीपासून करावी का?"

आधी थेट उत्तरं देते. नाट्यरूपांतर करू नका. सुरुवात आळंदीपासून नको, त्र्यंबकपासून करा. कारणं सांगायला वेळ लागेल, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि यात माझे हात एकदा पोळलेही आहेत. बावीस वर्षं माहितीपट करते आहे, त्यातली पहिली सात दुसऱ्यांचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, कापण्यात गेली. भावंडांवरचा माहितीपट कुठे फसतो ते एडिटिंगच्या टेबलावर चटकन कळतं.

फसतो तो बेरजेत. पहिली बारा मिनिटं थोरल्याची, पुढची बारा मधल्याची, मग धाकट्याची, मग बहिणीची, शेवटी समाधी आणि श्रेयनामावली. बघणाऱ्याला चार माणसं भेटतात, भावंडं भेटत नाहीत.

ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथांची काय अवस्था झाली, ते नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत आलंय. तिथे दोन उपमा आहेत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी निघून जावं, ही एक. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं, ही दुसरी. त्र्यंबक-इगतपुरीकडे भाताची कापणी चालू असताना शेतात जाऊन पेंढी बांधताना जवळून बघा. मूठभर काड्या घेतात, त्यांना पीळ देतात आणि त्याच पिळाने पेंढी आवळतात. सुतळी लागत नाही. आळा त्याच गवताचा असतो. तुमच्या ५० मिनिटांत हा आळा दिसायला हवा. बाकी सगळं त्याच्या मागून येईल.

आता ब्राँटे. तुम्ही पाहिलेल्या माहितीपटात पत्रं आणि चित्रं होती म्हणून तो जमला, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावात धर्मगुरू बापाच्या घरी ही मुलं वाढली. आई १८२१ मध्ये गेली, थोरल्या दोन बहिणी १८२५ मध्ये गेल्या, आणि शार्लट, ब्रॅनवेल, एमिली, ॲन ही चौघं उरली. १८२६ मध्ये बापाने ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं, आणि त्या शिपायांसाठी मुलांनी काल्पनिक राज्यं उभी केली. त्या राज्यांतली मासिकं त्यांनी काड्यापेटीएवढ्या वह्यांत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिली, कारण वाचणारे शिपाई तेवढेच होते. त्यातली एक वही २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ६ लाख युरोंना गेली आणि हॉवर्थच्या संग्रहालयात परत आली. कॅमेऱ्याला असली वस्तू सोन्यासारखी, हे खरं. पण ती वही पडद्यावर जिवंत होते ती तिच्यावर चार डोकी वाकलेली आपल्याला दिसतात म्हणून.

याहून मोठी गोष्ट त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाची. रात्री काम आटोपलं की तिघी बहिणी त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत आपापल्या कादंबऱ्यांबद्दल बोलत. १८४६ मध्ये त्यांनी पुरुषी वाटणारी टोपणनावं घेऊन कवितांचं पुस्तक काढलं, त्याच्या दोन प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी 'जेन एअर' आलं आणि त्यापाठोपाठ एमिली आणि ॲनच्या कादंबऱ्या. मग २४ सप्टेंबर १८४८ ला ब्रॅनवेल गेला, १९ डिसेंबरला एमिली, २८ मे १८४९ ला ॲन. आठ महिन्यांत तिघं. शार्लट उरली, आणि रात्री त्याच टेबलाभोवती एकटी फेऱ्या मारत राहिली. घरातल्या नोकराणीला ती पावलं ऐकवत नसत.

तुम्ही आवाजाचं काम करणार असाल तर इथे थांबा. आधी तिघींची पावलं, मग एकटीची. ना चेहरा, ना पोशाख, ना नटी. लाकडी जमीन आणि पावलं. यासाठी पत्र लागत नाही, चित्रही लागत नाही.

आता हेच माप आपल्या घरी लावा. शके १२१८, म्हणजे १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. मार्गशीर्ष वद्यात सोपानदेवांनी सासवडला, कऱ्हेच्या काठी. पुढच्या वैशाख वद्यात मुक्ताई तापीकाठी विजेच्या लोळात दिसेनाशी झाली. धाकटी तिन्ही भावंडं सहा महिन्यांत गेली. महिनाभराने, ज्येष्ठ वद्यात, निवृत्तिनाथ त्र्यंबकला समाधिस्थ झाले. तो मधला एक महिना तुमच्या माहितीपटाचा पाया आहे. ज्याने सगळ्यांना वाट दाखवली तो सगळ्यांच्या मागे उरला.

म्हणून सुरुवात त्र्यंबकची. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली, लहानगा निवृत्ती गुहेत शिरला आणि तिथे गहिनीनाथ भेटले, अशी परंपरेची कथा. पोरगं घरच्यांपासून तुटतं आणि गुरू होऊन परत येतं, तेही कुणाचा गुरू? धाकट्या भावाचा. ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव स्वतःला 'निवृत्तिदासु' म्हणवतात. सख्ख्या भावाचा दास. आपल्या कानाला हे इतकं सवयीचं झालंय की त्यातलं नवल जाणवत नाही. ते जाणवून द्यायचं काम तुमचं.

शिवाय त्र्यंबकपासून सुरुवात केली की गोदावरी आपोआप हाताला लागते. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, नाशिकच्या रामकुंडावरून वाहते आणि पुढे पैठणवरून आपेगावला जाते. आपेगाव हे या भावंडांचं मूळ गाव. म्हणजे थोरल्याची समाधी जिथे आहे तिथलं पाणी त्यांच्या घराच्या दिशेने वाहतंय. मी तरी निवेदनात हे वाक्य म्हणणार नाही. नदीच्या मागे मागे कॅमेरा नेईन आणि लोकांना स्वतःहून घरी पोचू देईन. नेवासं थोडं बाजूला, प्रवरेच्या काठी आहे, पण प्रवरा पुढे गोदावरीलाच मिळते, त्यामुळे दोरा तुटत नाही. (आपेगावला निघण्याआधी जायकवाडीतून पाणी सोडलंय का, याची चौकशी करा. नदी कोरडी असताना गेलात तर खेप वाया.)

नेवाशाला पैस खांब आहे. ज्ञानदेवांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. ब्रॅनवेलने १८३४ च्या सुमाराला स्वतःचं आणि तिन्ही बहिणींचं एक चित्र काढलं होतं. नंतर त्यात स्वतःच्या जागी त्याने खांब रंगवला. ते चित्र १९१४ मध्ये एका कपाटावर घडी घातलेल्या अवस्थेत सापडलं. घड्यांच्या रेघा अजून त्याच्यावर आहेत, आणि रंग विरत गेला तशी खांबाच्या आत भावाची आकृती दिसायला लागली. तिकडे खांबाआड भाऊ आहे. इकडे खांब आहे आणि चित्र मुळातच नाही. दोन्ही खांब एकाच माहितीपटात दाखवा असं मी म्हणत नाही, पण नेवाशाला कॅमेरा लावताना हे डोक्यात असू द्या. खांबाचा देखणा शॉट कुणीही घेईल. तुम्ही तिथे येणाऱ्या माणसांचे तळवे टिपा. लोक खांबाला हात लावतात, क्षणभर थांबतात आणि मग तोच हात स्वतःच्या डोळ्यांना लावतात.

आता ताटी. नाट्यरूपांतर नको म्हणते त्याचं खरं कारण इथे आहे.

कुणीतरी ज्ञानदेवांचा अपमान केला, ते खिन्न होऊन झोपडीत शिरले आणि ताटी, म्हणजे कामट्यांचं दार, लावून बसले. मुक्ताई बाहेर उभी राहून समजूत घालते. 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा' आपल्याला पाठ असतं. पण सगळे ताटीचे अभंग सलग मोठ्याने वाचा. 'अहो क्रोधें यावें कोठें, अवघे आपण निघोटे.' अहो म्हणते ती. आदर पुरेपूर, आणि झापते पण पुरेपूर. शेवटाकडे स्वतःला 'लडिवाळ' म्हणवून घेते आणि लगेच 'तुम्ही तरून विश्व तारा' असं बजावते. ज्याच्या घरात धाकटी बहीण आहे त्याला हा स्वर ओळखीचा असतो. या अभंगांत ज्ञानदेव एक शब्द बोलत नाहीत.

एका वाहिनीसाठी मी हा प्रसंग पूर्वी केला होता. वाहिनीला अभिनेत्री हवी होती, तशी ती आली. चांगली विशीतली, नाकात नथ, डोळ्यांत ग्लिसरीन. झोपडी सेटवर उभी केली, गोड गळ्याच्या गायिकेकडून अभंग गाऊन घेतला. सगळं दिसायला सुंदर होतं आणि टेबलावर एकदम मेलेलं. आलाप लांबला की झापणं संपतं आणि उरते ती प्रार्थना. मग आठवलं, त्याच वर्षी दिंडीबरोबर चालताना सिन्नरच्या पुढे एका शाळेच्या ओसरीवर मुक्काम होता. एक आजी नातीची वेणी घालत होत्या. पोरगी मान हलवत होती. आजी तिला धरून, दातांत रिबीन, मध्येच ती काढून ताटीचा अभंग म्हणत होत्या. चालीत नाही, बोलल्यासारखा. 'विश्व रागें झालें वन्हि, संती सुखें व्हावें पाणी', आणि पाणी म्हणताना केसांना एक हिसका. रेकॉर्डर सुरू होता. त्या चाळीस सेकंदांपुढे सेटवरचा अख्खा दिवस फिका पडला. वाहिनीने ती चाळीस सेकंदं घेतली नाहीत, आवाजात खरखर आहे म्हणून.

तुम्ही असं करा. त्र्यंबक, हरसूल, पेठ या पट्ट्यातल्या पाड्यांवर अजून कुडाच्या भिंती आणि कामट्यांची दारं सापडतात. घरच्यांना विचारून, कॅमेरा झोपडीच्या आत ठेवा आणि ताटी लावून घ्या. बाहेर ऊन असलं की फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत येतात. आवाज बाहेरून येऊ द्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा, न शिकलेल्या गळ्याचा. बघणारा त्या वेळी ज्ञानदेवांच्या जागी बसलेला असेल आणि त्याला आतून बाहेरची बहीण ऐकू येईल. ताटी उघडण्याचा शॉट घेऊन ठेवा, पण वापरायची घाई नको. उजेडाच्या पट्टीवरून एक सावली सरकली तरी पुरे.

लहान मुलाला पडद्यावर उभं करायला माझा विरोध नाही. त्र्यंबकचेच दादासाहेब फाळके, त्यांनी १९१९ मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण केलं, आणि तिचा चेहरा आजही धरून ठेवतो. पण तो कथापट होता. माहितीपटात मुक्ताईला एक चेहरा दिलात की वारीतल्या हजारो बायकांच्या मनातल्या मुक्ताया तुम्ही पुसता.

आता सोपानदेवांबद्दल, आणि हे मनापासून सांगते. त्याच कामात ५२ मिनिटांचा पट ४४ वर आणायला सांगितला गेला आणि आठ मिनिटं कुठून काढायची, तर सोपानदेवांची. 'त्यांच्यात घडत काही नाही,' असं मला सांगण्यात आलं. मी वाद घातला, पण शेवटी कात्री माझ्याच हातात होती आणि मी ती चालवली. प्रक्षेपणानंतर सासवडच्या एका गृहस्थांचा फोन आला. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "ताई, आमचे सोपानकाका कुठे राहिले?" मला उत्तर देता आलं नाही. भावंडांत एक जण शांत असतो आणि नेमका तोच वगळला जातो. ब्राँट्यांच्या घरात ती जागा ॲनची. तिच्या दुसऱ्या कादंबरीचा विषय शार्लटला चुकीचा वाटला, आणि ॲन गेल्यावर शार्लटने त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघू दिली नाही. उरलेलं भावंड प्रेमापोटीसुद्धा दुसऱ्याला झाकू शकतं. तुम्ही मात्र सासवडला जा. कऱ्हेकाठचं देऊळ पहाटे घ्या, माणसांशी बोला. सोपानदेवांना दोन मिनिटं द्या किंवा सहा, पण ती शेवटपर्यंत कापायची नाहीत असं आत्ताच तिघांत ठरवा.

चमत्कारांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्याच मीटिंगमध्ये निघेल. रेडा वेद बोलला, भिंत चालली, पाठीवर मांडे भाजले. ग्राफिक्समध्ये भिंत चालवू नका. कीर्तनकाराला उभं करा आणि पूर्ण सांगू द्या. कॅमेरा अर्धा वेळ ऐकणाऱ्यांवर ठेवा. ज्याची श्रद्धा आहे त्याला ती कथा मिळते, ज्याची नाही त्याला ऐकणारे चेहरे मिळतात, आणि तुम्ही कुणालाच फसवलेलं नसतं. जन्मशकांच्या दोन परंपरा आहेत. एकीत ज्ञानदेवांचा जन्म शके ११९३ चा, दुसरीत ११९७ चा. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. म्हणजे ती सांगताना ते एका हिशेबाने एकोणीस वर्षांचे होते आणि दुसऱ्याने पंधरा. निवेदनात दोन्ही सांगा. पडद्यावर वयाची पाटी टाकलीत तर एक बाजू हमखास पत्र लिहिते, आणि तिचं बरोबर असतं.

शिखर कुठे ठेवायचं? माझ्या मते समाधीवर नको. वारीत ठेवा. आषाढीला चौघांच्याही पालख्या पंढरीला निघतात: आळंदीहून, त्र्यंबकहून, सासवडहून, मुक्ताईनगरहून. माऊली आणि सोपानकाका वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि पंढरपूर जवळ आलं की टप्पा या ठिकाणी दोघांची गाठ पडते. वारकरी तिला बंधुभेट म्हणतात. दोन्ही रथ शेजारी येतात, मानाच्या श्रीफळांची देवाणघेवाण होते. सातशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी दोन भाऊ वाटेत भेटल्याशिवाय पुढे जात नाहीत, असं ही माणसं मानतात आणि तसं करतात. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे काहीच पुरावा नाही. पुरावा कपाटात नसेल, रस्त्यावर चालतोय. तिथे कॅमेरा उंचावर नको, गर्दीत खांद्याच्या उंचीवर हवा. रथ जवळ येतात तेव्हा टाळ आपोआप चढतो, म्हणून आवाजाची पातळी आधीच खाली ठेवा. माझा तिथला पहिला अख्खा ट्रॅक फाटला होता.

बाकीचं झटपट. अभंगांवर कुणाचा हक्क नाही, पण गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांवर असतो. कोणत्याही ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणून सगळं गाणं स्वतः ध्वनिमुद्रित करा. देवस्थानांच्या विश्वस्तांकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी 'या हो' वर जाऊ नका. ड्रोनसाठी रीतसर मंजुरी लागते, आणि नाशिकच्या आसपास लष्करी ठिकाणं असल्याने ती गृहीत धरू नका. मी तर या विषयात ड्रोन शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवेन. तज्ज्ञांच्या बाइट्स दोनच घ्या, आणि त्यांना 'संत म्हणून' काय वाटतं ते विचारून झाल्यावर 'भाऊ म्हणून?' एवढं विचारून गप्प बसा. वाचनासाठी सार्वजनिक वाचनालयात संतांच्या गाथा आहेत. चौघांचे अभंग एकाच टेबलावर पसरून वाचा, एकामागून एक वाचू नका.

आणि नाट्यरूपांतरासाठी जे पैसे बाजूला काढले असतील ते प्रवासाला लावा. एका वर्षाचं चक्र तुम्हाला गाठायचंय: पौषात त्र्यंबक, वैशाखात तापीकाठ, आषाढात वारी, कार्तिकात आळंदी, मार्गशीर्षात सासवड.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. आदल्या संध्याकाळपासून नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला दिंड्या लागलेल्या असतात. मी दर वर्षी जाते. तिघांनीही या. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून जास्तीच्या आणा आणि स्वेटरच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा. कॅमेरा पहिल्या रात्री काढायचा नाही. पहाटे चारच्या सुमाराला कुशावर्तावर अंघोळ करून बायका ओल्या केसांनी समाधीकडे निघतात आणि चालता चालता एक जण ओवी सुरू करते, दुसरी पुढची ओळ उचलते. रेकॉर्डर तेवढा सुरू ठेवा. कोण कुणाची ओळ उचलतं, ते ऐका.